खुर्चीचं बारदान

मंगळवारी आणि शुक्रवारी मी बाबांना वजनाला न्यायची. न्यायची खरं तर डायलिसिसला, पण आमच्या घरात त्याला वजनाला जाणं असंच म्हणायचे. शब्द बाबांनीच पाडला होता. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "आज वजनाला का गं?" आणि मी हो म्हणून रिक्षाची वाट बघत उभी राहायची. साखरेने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नेला होता, त्यानंतर दोन वर्षांनी मूत्रपिंडं गेली. आई तोवर नव्हती. घरात मी आणि बाबा, दोघंच.

आमचं गाव किहीमपासून जरा आत. सकाळी मी एका कॉटेजवर पाहुण्यांच्या नाश्त्याचं बघायची, तिथून धावत घरी यायची, आणि अकराच्या सुमाराला आम्ही रिक्षाने अलिबागकडे निघायचो. चाकांची खुर्ची घडी करून मागे कोंबायची. मंगळवार-शुक्रवार कॉटेजवर पाहुणे जेवताहेत की उपाशी आहेत, मला काही देणंघेणं नसायचं.

डायलिसिसचं गणित मला कुणी समजावून सांगितलं नाही, मी ते बघून बघून शिकले. प्यायलेलं पाणी लघवीवाटे जात नाही, अंगातच साठतं. ते यंत्र काढतं. किती काढायचं हे वजनावर ठरतं. प्रत्येक माणसाचं एक कोरडं वजन ठरवून दिलेलं असतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसताना तो जेवढा भरेल तेवढं. बाबांचं साडेएकोणपन्नास किलो होतं. त्याच्यावर काट्यावर जे काही भरेल ते पाणी, आणि तेवढं त्या दिवशी काढायचं. ज्यांना उभं राहता येतं ते काट्यावर उभे राहतात. बाबांना खुर्चीसकट काट्यावर चढवायचं आणि मग त्यातून खुर्ची वजा करायची.

पहिल्याच दिवशी तिथली सिस्टर म्हणाली, "खुर्ची साधारण सतरा-अठरा धरू या."

बाबा तोवर गप्प होते. पाय गेल्यापासून एकंदरीतच गप्प होते. पण साधारण हा शब्द कानावर पडला आणि ते ताठ बसले.

"साधारन? तोलल्याबिगर कसं वजा करनार? मला उतरवा, आदी बारदान तोला."

सिस्टरला बारदान कळलं नाही. मी सांगितलं, धान्य भरतात ती रिकामी गोण, माल तोलला की तिचं वजन कापतात ते. ती हसली, पण बाबांना बाकावर बसवून तिने खुर्ची काट्यावर ठेवली. सतरा किलो दोनशे. बाबा म्हणाले, "लिवून ठेव, नायतर दर खेपेला नवा आकडा काढतील." पर्समध्ये भाचीच्या लग्नातली लाल नेलपॉलिशची बाटली पडून होती. त्या नेलपॉलिशने मी खुर्चीच्या पाठीवर, काळ्या रेक्झिनवर, मोठ्या आकड्यांत १७.२०० लिहिलं. अक्षर माझं वाईटच आहे, पण आकडा वाचता येत होता.

बाबा भातगिरणीवर मापाडी होते. म्हणजे शेतकरी भात घेऊन आला की काट्याजवळ उभं राहून तोलणारा माणूस. सगळी नोकरी एका काट्याजवळ गेली. गिरणीचा रिवाज होता की गोणीमागे एक किलो बारदान कापायचं, गोण कशीही असो. बाबांना तो रिवाज मान्य नव्हता. नवी तागाची गोण जड भरते, वापरून झिजली की हलकी होते, दमट हवेत पुन्हा जड. मग सरसकट एक किलो का? ते ढिगातल्या तीन-चार गोणी रिकाम्या करून तोलायचे आणि जे भरेल ते कापायचे. मालक वैतागायचा, गाडीवाले खोळंबायचे. कधी शेतकऱ्याचा फायदा व्हायचा, कधी गिरणीचा. बाबांना दोन्हींचं सोयरसुतक नव्हतं.

एका वर्षी माझा मामा भात घेऊन आला. गोणी नव्या कोऱ्या, जाड तागाच्या. बाबांनी एक गोण रिकामी करून काट्यावर टाकली, ती दीड किलो भरली. बाकीचे मापाडी सरसकट एक किलो कापत होते त्या काळात बाबांनी मामाचं दीडने कापलं. मामा काही बोलला नाही, पण आईने तीन दिवस अबोला धरला. ताट वाढायची आणि आत निघून जायची. बाबा शांतपणे जेवायचे. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की यात रागावण्यासारखं काय आहे. मला मात्र तेव्हा आईचं पटायचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पटतं. घरच्या माणसाला अर्धा किलो सोडला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

बाकी बारदान हा शब्द घरात कशालाही चालायचा. पावसात भिजून आले की बाबा म्हणायचे, "बारदान उतरवा आदी," म्हणजे ओले कपडे काढा.

डायलिसिसमध्ये सगळ्यात वाईट भाग सुईचा नव्हे, शेवटच्या तासाचा. अंगातून पाणी ओढलं जातं तशा पोटऱ्या वळायला लागतात. बाबांची एकच पोटरी उरली होती, पण दोन्हींच्या वाटचं ती एकटी भोगायची. कधी कधी तर नसलेला पायही वळतो म्हणायचे. मी बाजूला बसून पोटरी दाबायची. ते ओरडायचे नाहीत, दात चावायचे आणि छताकडे बघायचे. घरी आल्यावर न जेवता झोपायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. म्हणजे आठवड्याचे चार दिवस गेले. उरलेल्या तीन दिवसांत दिवसाला एक बाटली पाणी, तीही चहा-आमटी धरून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आठवड्यातून तीनदा आणा, मग एका वेळी कमी ओढावं लागेल. पण तिसऱ्या वारी यंत्र रिकामं नव्हतं. आम्ही नाव लिहून ठेवलं होतं. आमच्या आधी बरीच नावं होती.

हे सगळं मी तेव्हा रडतबिडत केलं असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. मी ते भांडी घासावीत तसं केलं. सेंटरमध्ये सोबत येणाऱ्या बायका मला म्हणायच्या, तुम्ही किती धीराच्या आहात. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रिक्षावाल्याने कुरकुर सुरू केली. खुर्चीला पाय ठेवायच्या दोन पट्ट्या होत्या. डावी पट्टी जरा वेगळी, कापलेल्या पायाला टेकू म्हणून वर उचलता येणारी, लोखंडी, तिला वर गादी बसवलेली. तिचा दांडा त्याच्या नव्या सीटमध्ये घुसायचा. "ताई, सीट फाटली बघा, काय तरी करा ना हिचं." बाबा ती पट्टी वापरतही नव्हते, टेकू टोचतो म्हणायचे. मी एका संध्याकाळी खीळ ओढून ती काढली आणि पोटमाळ्यावर टाकून दिली. खुर्ची पटकन घडी झाली. रिक्षावाला खूश, मीही खूश. मापाड्याच्या मुलीच्या डोक्यात त्या वेळी दुसरं काहीच आलं नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी वजन होतं. काट्यावर सदुसष्ट सहाशे आले. सिस्टरने पाठीवरचा आकडा बघून वजा केला, आणि म्हणाली, "आजोबा, क्या बात है! फक्त नऊशे ग्रॅम चढलंय. एकदम कंट्रोलमध्ये हां." एरवी दोन-अडीच किलो सहज चढायचे. बाबांनी काट्याच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, कौतुकाने लाजले.

त्या दिवशी पोटरी वळली नाही. घरी आल्यावर बाबांनी कपडे बदलले, खुर्ची ओटीवर घ्यायला लावली आणि मला म्हणाले, "भाकरी हाय का?" मी तांदळाची भाकरी केली, सोबत फोडणीचा सुका जवळा, मीठ अगदी नावाला. त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली. मग गिरणीतल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, जो तोलताना काट्याच्या फळीवर हळूच अंगठा टेकायचा. तो अंगठा बाबांनी कसा पकडला हे त्यांनी करून दाखवलं, माझ्या अंगठ्यावर. आम्ही हसलो. आईच्या पश्चात त्या ओटीवर कुणी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढच्या खेपेपासून सिस्टरचा आकडा पुन्हा नेहमीसारखा येऊ लागला, दोन, सव्वादोन, अडीच. पण पेटके आले नाहीत ते आलेच नाहीत. बाबा मंगळवारी रात्री जेवायचे, बुधवारी सकाळी उठून चहा मागायचे. आठवड्याचे सगळे दिवस परत मिळाले. मी मनात म्हटलं, शरीराला सवय झाली असेल. कॉटेजवरच्या बाईंनाही तसंच सांगितलं, बाबांना आता मानवलंय.

असे पाच आठवडे गेले. मग त्यांना उशी उंच लागायला लागली, आधी एक, मग दोन. बोटं सुजलेली दिसत होती, अंगठी फिरत नव्हती. मी विचारलं की म्हणायचे, "काय न्हाय, दमट हवा हाय." आणि एका मंगळवारी सकाळी, चार दिवसांच्या खंडानंतर, ते आडवे होऊच शकेनात. बसून श्वास घेत होते, तोंड उघडं, प्रत्येक श्वासाला मान पुढे. रिक्षावाल्याने त्या दिवशी एकही खड्डा चुकवला नाही, नुसता हॉर्न वाजवत राहिला.

सेंटरमध्ये धावपळ झाली. बाबांना उचलून खाटेवर घेतलं, प्राणवायू लावला. तिथल्या वॉर्डमधल्या मदतनीसाने वाटेतली खुर्ची ढकलून बाजूला केली ती नेमकी काट्यावर गेली. सगळे खाटेभोवती होते. काट्याकडे तोंड करून मी एकटीच उभी होते. पडद्यावर आकडा थरथरला आणि स्थिर झाला. पंधरा किलो चारशे.

मी खुर्चीच्या पाठीवर पाहिलं. माझ्याच अक्षरात सतरा दोनशे.

पोटमाळा आठवायला मला फार वेळ लागला नाही. खुर्ची एक किलो आठशेने हलकी झाली होती आणि वजाबाकी जुनीच चालू होती. त्यामुळे कागदावर बाबा तेवढे हलके भरत होते, आणि बाबा हलके म्हणजे पाणी कमी. पहिल्या खेपेला मागे राहिलेलं ते पावणेदोन लिटर पाणी पुढच्या प्रत्येक खेपेनंतरही अंगातच राहायचं. पाच आठवडे, दहा खेपा. म्हणूनच पेटके आले नव्हते. म्हणूनच ती भाकरी.

मी खुर्ची काट्यावरून खाली ओढली. का ओढली, मला सांगता येणार नाही.

डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली आणि म्हणाले, फुप्फुसात पाणी भरलंय. मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पाणी किती देत होता? खरं सांगा." सिस्टर म्हणाली, "मावशी, चोरून पीत असतील. सगळे पेशंट पितात." मी मूग गिळून उभी राहिले. बाबांनी एक घोटही जादा घेतला नव्हता, हे मला माहीत होतं. बाटली मीच भरायची.

दवाखान्यात तीन दिवस काढले. तिथे खाटेवरच, वजनबिजन न करता, श्वासाच्या अंदाजाने पाणी काढत राहिले. बाबा सुधारले. निघताना डॉक्टरांनी बजावलं, कोरडं वजन आधीचंच ठेवतोय, पाणी कमी प्या, पुन्हा असं झालं तर निभावेलच असं नाही. बाबांनी मान डोलावली. चोरून पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्याचा शिक्का त्यांनी काही न बोलता घेतला. मला त्याची लाज वाटली पाहिजे होती. ती वाटते आहे का, म्हणून मी थांबून बघितलंसुद्धा. काही लागलं नाही हाताला.

घरी आल्यावर दुपारी त्यांना पेज दिली आणि समोर बसले.

"बाबा, तुम्ही पाणी जास्त प्यायला नाहीत. माझी चूक झाली. खुर्चीची डावी पट्टी मी काढली आणि आकडा तोच ठेवला."

त्यांनी पेजेचा घोट गिळला. "ठाव हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"पट्टी काढलीस ते. पयल्याच दिशी कळलं. दोन किलोला ठकेन का मी?"

चाळीस वर्षं काट्याजवळ उभा राहिलेला माणूस. मामाच्या गोणीतला अर्धा किलो न सोडलेला माणूस.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलनार व्हतो. सिस्टरनी आकडा सांगितला तवाच बोलनार व्हतो. मग म्हटलं, आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. त्या दिशी पोटरी वळली न्हाय. घरी येऊन मी जेवलो. मग दुसऱ्या खेपेला पन म्हटलं, आजच्या दिवस."

"छातीत पाणी भरलं, बाबा."

"व्हय, भरलं." वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. "पन पाच आठवडे मी मानसात व्हतो."

मी वाटी धुतली. चुलीपाशी उगाच उभी राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता, नाहीतर माझा तरी. कॉटेजवर जायची वेळ झाली म्हणून साडी बदलून गेले.

मंगळवारी पुन्हा वजन होतं. पट्टी मी परत लावली नव्हती आणि पाठीवरचा आकडाही पुसला नव्हता. मुद्दाम नव्हे. हात त्या कामाला लागतच नव्हते. रिक्षा गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना भात कापणीला आलेलं होतं. बाबा त्याच्याकडे बघत होते. बघता बघताच म्हणाले,

"सतराच सांग."

मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

"सतराच सांग गं. पानी मी कमी पितो. अर्दी बाटली दे मला. पन सतरा सांग."

आयुष्यात त्यांनी कुणाकडे खोटं वजन मागितलं असेल तर ते माझ्याकडे, त्या रिक्षात. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि नजर काढून घेतली. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं. ओटीवरचं हसणंही होतं. दोन्ही सारख्याच अंतरावर होती आणि दोन्ही माझ्यापासून लांब होती.

सेंटरमध्ये सिस्टरने खुर्ची काट्यावर घेतली. "सदुसष्ट चारशे," ती म्हणाली, आणि पाठीवर वाकून पाहत, "वजा सतरा दोनशे. पन्नास दोनशे. व्वा आजोबा, या वेळी सातशेच काढायचंय. शहाणे झालात."

बाबा माझ्याकडे बघत होते. लहान मुलासारखं बघत होते असं मी म्हणणार नाही. ते गिऱ्हाइकासारखं बघत होते, काट्यापाशी उभं राहून मापाड्याच्या तोंडाकडे बघतं तसं.

"पंधरा चारशे," मी म्हणाले.

"काय?"

"खुर्ची पंधरा चारशे आहे. एक पट्टी मी काढून ठेवली, दीड महिना झाला. बाबांनी पाणी चोरून प्यायलं नव्हतं. आकडा माझा चुकला होता."

सिस्टरने बाबांना उतरवून खुर्ची रिकामी तोलली, कागदावरचा आकडा खोडला आणि नवा लिहिला. बावन्न किलो. काढायचं अडीच. ती मला काही बोलली असेल, मला आठवत नाही. बाबांनी डोळे मिटून हात पुढे केला, सुईसाठी.

तीन तास ठीक गेले. चौथ्या तासाला पोटरी वळली. ती आधी कधी वळली नव्हती अशी वळली, माझ्या हाताखाली दगड झाला. मी दोन्ही अंगठे रोवून दाबत होते. बाबांच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. सिस्टर सलाईन सोडायला आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "झालं हां आजोबा, थोडंच राहिलं."

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे न बघता, तिला म्हणाले,

"पोरगी मापात पक्की हाय माजी."

सिस्टरला ते कौतुक वाटलं. ती हसली, माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंत का, मावशी?"

मी म्हटलं, ऐकलं. आणि पोटरी दाबत राहिले.